अभिमानाला ओळखीची जोड हवी

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, घराघरांतल्या भ्रमणध्वनींवर एक संदेश फिरत होता. कापूर, लवंग आणि ओवा यांची पुरचुंडी करावी आणि ती दिवसभर हुंगत राहावी, म्हणजे रक्तातील प्राणवायूची पातळी वाढते, असा त्याचा आशय होता. सिलिंडरसाठी माणसे रांगा लावून उभी होती, त्या दिवसांत अशा संदेशावर विश्वास ठेवणाऱ्याला हसणे योग्य नव्हते. ओव्याची पुरचुंडी मराठी घराला नवी नाही. तव्यावर गरम करून ती सर्दीने बेजार झालेल्या मुलाच्या छातीला शेकण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. त्या वासाने चोंदलेले नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, हा अनुभवही खोटा नाही. परंतु मोकळे वाटणारे नाक आणि रक्तातील प्राणवायू यांतले अंतर त्या संदेशाने पुसून टाकले. तेवढ्या भरवशावर रुग्णालय गाठायला उशीर होणे म्हणजे काय, हे त्या दिवसांत कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते. कापराची वाफ लहान मुलांना अपायकारक ठरू शकते, हे तर त्या संदेशात कोठेच नव्हते.

वनौषधींचा अभिमान बाळगणाऱ्या समाजात हे घडावे, यात मोठी विसंगती आहे. अभिमान उदंड आहे. वनस्पतींची ओळख मात्र पुसट होत चालली आहे. कोणती वनस्पती, तिचा कोणता भाग, कोणत्या ऋतूत काढलेला, कोणत्या विकारावर आणि कुठवर, हे प्रश्न विचारणे म्हणजे परंपरेवर अविश्वास दाखवणे, असा समज रुजला आहे. वस्तुतः जुना वैद्य हेच प्रश्न विचारत असे. या संदर्भात एका परदेशी, परंतु गुणाने ओव्याच्या अगदी जवळच्या वनस्पतीची हकिकत उद्बोधक आहे.

युरोपातील माळरानांवर आणि खडकाळ उतारांवर जमिनीसरपट पसरणारे, जांभळट-गुलाबी फुलांचे एक इवलेसे झुडूप आढळते. इंग्रजीत त्याला वाइल्ड थाइम म्हणतात, जर्मन भाषेत क्वेंडेल. शास्त्रीय नाव थायमस सर्पायलम. मराठीत त्याला रानथाइम म्हणता येईल. त्याचे कुळ तुळशीचेच. चेक लोकांनी या झुडपाला दिलेल्या नावाचा अर्थ ‘आईचा प्राण’ असा आहे आणि सर्ब भाषेतील नावाचाही अर्थ तोच. चेक लोककथा सांगते, की आई वारल्यावर तिची पोरकी मुले रोज तिच्या थडग्यावर जाऊन रडत. आईला ते पाहवेना. तिचा जीव बारीक पानाफुलांच्या रूपाने त्या मातीवर परत आला आणि मुलांनी सुगंधावरून आईला ओळखले. वनस्पतीत आई पाहण्याची दृष्टी ही केवळ आपलीच मिरासदारी आहे असे मानणाऱ्यांनी ही कथा अवश्य ऐकावी.

या आईच्या प्राणाचा काढा युरोपातील खेड्यापाड्यांत खोकल्यावर, छातीत साठलेल्या कफावर, पोटातील वातावर दिला जात असे. बाराव्या शतकात जर्मनीतील बिंगेनच्या हिल्डेगार्ड या संन्यासिनीने लिहिलेल्या ग्रंथात क्वेंडेलचा उपयोग त्वचाविकारांवर सांगितला आहे. आजीबाईच्या बटव्यातले हे ज्ञान तेथेही तोंडी चालत आले, तेथेही त्यात खरे-खोटे मिसळलेले होते आणि तेथेही आधुनिक औषधांच्या लाटेत ते वाहून जाण्याची वेळ आली होती. मग त्या लोकांनी काय केले?

प्रथम, वास येतो तो कशाचा हे शोधले. १७१९ साली कास्पर नॉयमान या जर्मन औषधशास्त्रज्ञाने थाइमच्या तेलातून एक स्फटिकरूप द्रव्य वेगळे केले. पुढे १८५३ साली त्याचे नाव ‘थायमॉल’ ठरले. हे द्रव्य जंतुनाशक आहे, हे एकोणिसाव्या शतकात सिद्ध झाले. दुसरे, वनस्पतीची ओळख निश्चित केली. बागेत लावला जाणारा थाइम वेगळा आणि माळावरचा रानथाइम वेगळा. युरोपीय औषधकोशात दोहोंची स्वतंत्र प्रकरणे आहेत. बागेतल्या थाइममध्ये किमान १.२ टक्के सुगंधी तेल असले पाहिजे, रानथाइममध्ये किमान ०.३ टक्के, ते नसेल तर तो माल औषध म्हणून स्वीकारला जात नाही. एकाच माळावरच्या रानथाइमच्या दोन झुडपांपैकी एकाला थायमॉलचा उग्र वास येतो, तर दुसऱ्याला लिंबाचा, इतकी त्यात विविधता असते. म्हणून हे माप आवश्यक ठरले. तिसरे, मर्यादा आखली. जर्मनीत १९७८ साली वनौषधींच्या परीक्षणासाठी ‘कमिशन ई’ ही समिती नेमण्यात आली. तिने रानथाइमला मान्यता दिली ती श्वसनमार्गाच्या वरच्या भागातील कफविकारांपुरती. त्याहून अधिक काही नाही.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड. दावा तपासून पाहिला. बागेतला थाइम आणि आयव्ही या वेलीची पाने यांच्या अर्काची चाचणी जर्मनीत तीव्र खोकल्याच्या ३६१ रुग्णांवर झाली. ती २००६ साली प्रसिद्ध झाली. आठवडाभरानंतर औषध घेणाऱ्यांच्या खोकल्याच्या उबळी सुमारे ६९ टक्क्यांनी, तर औषधासारखेच दिसणारे निष्क्रिय द्रव्य घेणाऱ्यांच्या सुमारे ४८ टक्क्यांनी कमी झाल्या. या आकड्यांकडे पाहण्याची एक प्रामाणिक रीत आहे. औषधाचा उपयोग झाला, हे खरे. आणि औषध न घेताही खोकला निम्म्याने ओसरला, हेही तितकेच खरे. शिवाय ही चाचणी बागेतल्या थाइमची, तीही दोन वनस्पतींच्या मिश्रणाची. रानथाइमची मान्यता मुख्यतः दीर्घ वापरावरच उभी आहे, हे तेथील तज्ज्ञ लपवीत नाहीत. आपल्याकडे अशा कबुलीला पराभव मानले जाते.

आता हा धागा भारताकडे वळतो, आणि तो अभिमानास्पद वाटतो तितकाच बोचतोही. थायमॉल हे द्रव्य थाइमपेक्षा विपुल प्रमाणात आपल्या ओव्यात सापडते. ओवा जिरे-धन्याच्या कुळातला. थाइमशी त्याचे वनस्पतिशास्त्रीय नाते नाही. परंतु ओव्याच्या दाण्यांत दोन ते चार टक्के तेल असते आणि त्या तेलाचा मोठा हिस्सा थायमॉलचा असतो. भावप्रकाशासारख्या ग्रंथांनी यवानी म्हणजे ओवा पोटशूळ, गुल्म आणि कृमी यांवर सांगितला, त्यामागचे एक कारण येथे दिसते. इतकेच नव्हे, तर ओव्याच्या अर्कावर जमणारे हे स्फटिक वेगळे काढण्याची विद्या आपल्या लोकांना अवगत होती. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या आणि दख्खनमधील इतर ठिकाणच्या दुकानांत ‘अजवायन का फूल’ या नावाने ते विकले जात. मुंबईतील हेन्स आणि इंग्लंडमधील स्टेनहाउस या रसायनतज्ज्ञांनी १८५० च्या दशकात दाखवून दिले, की पुण्याच्या बाजारातले हे फूल आणि युरोपातील थायमॉल एकच. पुढे घरोघरी पोहोचलेल्या अमृतधारेत कापूर आणि पुदिन्याच्या सत्त्वाबरोबर पडते ते हेच ओव्याचे फूल.

परंतु पुढे काय झाले? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस थायमॉलला जगभर मागणी आली. आल्प्समधील सेंट गॉटहार्ड बोगद्याचे मजूर रक्तक्षयाने खंगत होते. त्यांच्या आतड्यांत अंकुशकृमी आढळले आणि त्यांवर थायमॉल गुणकारी ठरले. १९०९ ते १९१४ या काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत रॉकफेलर यांच्या देणगीतून अंकुशकृमीविरोधी मोहीम चालली, तिचे मुख्य औषध थायमॉलच होते. हे थायमॉल येत होते बव्हंशी जर्मनीतून आणि जर्मन कारखान्यांना ओवा जात होता भारतातून. ज्या देशाच्या बाजारपेठांत ओव्याचे फूल पुड्या बांधून विकले जात होते, तो देश पोत्यांनी ओवा पाठवणारा देश झाला. १९१४ साली महायुद्ध पेटले, जर्मनीशी व्यापार तुटला आणि जगाला एकाएकी थायमॉलची टंचाई भासू लागली. अमेरिकेने फ्लॉरिडात दुसऱ्याच एका रानटी झुडपापासून ते काढण्याचा प्रयत्न केला. भारतातही आधुनिक पद्धतीने ओव्याचे ऊर्ध्वपातन सुरू झाले. म्हणजे जे आपल्या पदरी होतेच, ते युद्धाने आपल्याला नव्याने शिकवले. कालांतराने कृमींवर अधिक सुरक्षित औषधे आली, थायमॉल रासायनिक पद्धतीने बनू लागले आणि हा अध्याय संपला.

या अध्यायाचा सगळा दोष परकीय राजवटीच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. तो दोष आहेच. मात्र कारागिराच्या कसबाला मोजमापाची, शुद्धतेची आणि लेखी नोंदीची जोड मिळाली नाही, तर ते कसब दुसऱ्याच्या कारखान्याचा कच्चा माल होऊन बसते, हेही त्यात दिसते. स्वदेशीचा विचार ओवा वापरण्यापाशी थांबत नाही. ओव्याचे फूल कोण काढतो, इथपर्यंत तो जावा लागतो.

हीच परीक्षा आज हिमालयात चालू आहे. काश्मीरपासून कुमाऊँ आणि नेपाळपर्यंत, दीड हजार मीटरपासून वरच्या कुरणांपर्यंत, रानथाइमचाच सख्खा भाऊ उगवतो. जुन्या पुस्तकांनी त्याला युरोपातील नावच दिले होते. आता तो थायमस लिनिआरिस या स्वतंत्र नावाने ओळखला जातो. पहाडी लोक त्याला वन अजवायन म्हणतात. उन्हाळ्यात मेंढ्यांबरोबर वर जाणारे गद्दी आणि भोटिया, घरी चहात चिमूटभर सुकी पाने टाकणाऱ्या तेथील स्त्रिया, यांच्या हातात या वनस्पतीचे ज्ञान आहे. खोकला, पोटदुखी, जंत यांवर ती दिली जाते. युरोपातल्या रानथाइमचे उपयोगही थेट हेच, आणि आपल्या ओव्याचेही जवळपास हेच. तीन ठिकाणच्या आज्यांनी एकमेकींना न भेटता एकच निष्कर्ष काढावा, यातच त्या निष्कर्षाचे वजन आहे.

येथे ओळखीचा प्रश्न पुन्हा आडवा येतो. ‘वन अजवायन’ हे नाव ऐकून मैदानी प्रदेशातील दुकानदार काय देईल, याचा भरवसा नाही. संस्कृत ‘वनयवानी’ या नावाने काही ठिकाणी भलतीच वनस्पती सांगितली जाते. युनानी वैद्य थाइमला ‘हाशा’ म्हणतात. खुरासानी ओवा तर नावापुरताच ओवा. तो धोतऱ्याच्या कुळातला, विषारी, आणि वैद्याच्या हातीच शोभणारा. महाराष्ट्रातल्या गॅलरीतील कुंडीत वाढणारा, जाड पानांचा आणि भजी करण्यासाठी प्रसिद्ध असलेला पानओवा हा पुन्हा निराळा. गंमत अशी, की बियांचा ओवा थाइमचा नातेवाईक नसला, तरी हा पानओवा मात्र तुळस आणि थाइम यांच्याच कुळातला आहे आणि त्याच्या पानांतही थायमॉल व त्याच्या जवळचे कार्व्हाक्रॉल सापडते. एका ‘ओवा’ या शब्दाखाली इतकी मंडळी दाटीवाटीने बसली आहेत. ‘ओवा घ्या’ एवढाच संदेश पुढे पाठवणाऱ्याने यांतला कोणता ओवा, हे स्वतःला तरी विचारलेले असते काय?

जैवचोरीविरुद्ध भारताने दिलेला लढा योग्यच होता. हळदीचे अमेरिकी पेटंट वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९७ साली रद्द करवून घेतले, त्या वेळी डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक होते. २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा अंकीय कोश उभा राहू लागला. त्यात संस्कृत, अरबी, फारसी, उर्दू आणि तमिळ ग्रंथांतील ज्ञान भाषांतरित होऊन पेटंट कार्यालयांपुढे ठेवले गेले. पण हा कोश मुख्यतः ग्रंथांचा. जे कधी ग्रंथात आलेच नाही, जे गद्दी मेंढपाळाच्या किंवा सह्याद्रीतल्या ठाकर आजीच्या जिभेवर आहे, ते त्याच्या कक्षेबाहेरच राहते. आणि तेच सर्वांत वेगाने नष्ट होत आहे.

त्यातच युरोपीय संघाने २००४ साली पारंपरिक वनौषधींसाठी नियम केला, की सोप्या नोंदणीसाठी किमान ३० वर्षांचा वापर दाखवावा आणि त्यांपैकी १५ वर्षांचा वापर साधारणपणे युरोपीय संघातलाच असावा. २०११ च्या एप्रिलमध्ये सवलतीची मुदत संपली आणि आयुर्वेदाच्या अनेक सिद्धौषधांना युरोपची दारे बंद झाली. हजारो वर्षांच्या वापरापेक्षा पंधरा वर्षे मोठी कशी, हा संताप रास्त आहे. भारताने तो वारंवार मांडलाही पाहिजे. तथापि रानथाइमला त्याच युरोपने कोणत्या कसोट्या लावल्या, हे पाहिल्यावर संतापाबरोबर थोडे आत्मपरीक्षणही व्हावे. आपल्या घरच्या आजीच्या काढ्यालाही त्यांनी तेलाची टक्केवारी विचारली होती.

प्रश्न केवळ ज्ञानाचा नाही, तर ते जपणाऱ्याच्या पोटाचाही आहे. स्वित्झर्लंडमधील खोकल्याच्या गोळ्या बनवणारी रिकोला ही कंपनी तेरा वनस्पती वापरते. त्यांत थाइम आहे आणि तो शंभराहून अधिक स्विस शेतकऱ्यांशी केलेल्या करारांतून येतो. डोंगराळ थंडीत टिकणारे, भरपूर तेल देणारे ‘व्हारिको’ नावाचे थाइमचे वाण तेथील संशोधकांनी तयार केले. डोंगरातला शेतकरी डोंगरातच राहिला. आपल्याकडे असे होऊ शकत नाही असे नाही. जम्मूतील भदरवाह येथे शास्त्रज्ञांच्या साहाय्याने शेतकऱ्यांनी लॅव्हेंडरची शेती यशस्वी केली. मक्याच्या जागी सुगंधी पीक आले आणि उत्पन्न वाढले. हे यश निर्विवाद कौतुकाचे आहे. मात्र लॅव्हेंडरही युरोपातून आलेले, थाइमच्याच कुळातले झुडूप आहे. परक्या झुडपाला शेत मिळाले. घरची वन अजवायन अजून बांधापलीकडेच आहे.

जंगलातून ओरबाडण्याचा मार्ग तर बंदच केला पाहिजे. जटामांसी आणि कुटकी या हिमालयीन औषधींची अशी लूट झाली, की त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या यादीत त्यांना टाकावे लागले. वन अजवायन त्या यादीत नाही. ती तेथे जाण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. कोवळे शेंडे कापले तर झुडूप पुन्हा फुटते, मुळासकट उपटले तर तेथील माती उघडी पडते. ही साधी गोष्ट गोळा करणाऱ्या बाईला ठाऊक असते. किलोवर पैसे देणाऱ्या दलालाला तिच्याशी कर्तव्य नसते.

जैवविविधता कायदा २००२ साली झाला, तो या बाईला वाटा मिळावा म्हणूनही. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ साली एका औषधनिर्मात्याच्या प्रकरणात स्पष्ट केले, की भारतीय कंपन्यांनाही हा वाटा द्यावा लागेल. त्यानंतर २०२३ साली कायद्यात दुरुस्ती झाली. नोंदणीकृत वैद्यांना आणि ग्रंथांत नोंदलेल्या ज्ञानाच्या वापराला या बंधनातून सूट मिळाली. गावातल्या वैद्याने मूठभर पाने आणली म्हणून त्याला कार्यालयांचे खेटे घालावे लागू नयेत, हे योग्यच. लागवडीच्या औषधींना मोकळीक मिळाली, हेही शेतीला पोषक आहे. परंतु ग्रंथात नाव आहे एवढ्या आधारावर मोठ्या कारखान्यालाही वाट्यातून मुक्तता मिळणार असेल, तर रानातून पाने आणणाऱ्याच्या पदरात काय पडणार? ग्रंथकारांनीही वनस्पतीची ओळख गोपाळ, मेंढपाळ आणि वनवासी यांच्याकडून करून घ्यावी, असे आयुर्वेदानेच सांगितले आहे. तो आदर कायद्यात उतरायला हवा, मग सरकार कोणाचेही असो.

शासनाची वाट न पाहता करता येण्याजोगे कामही पुष्कळ आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असावी, असे कायदाच सांगतो. अनेक ठिकाणी ती वही भरली गेली ती तालुक्याच्या ठिकाणी बसून, शेजारच्या गावाच्या वहीवरून. वनवासी भागांत ज्यांची कामे वर्षानुवर्षे चालू आहेत, त्या कार्यकर्त्यांना कोणत्या पाड्यावर कोणती आजी जाणकार आहे हे माहीत असते. सोबत जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचा एक प्राध्यापक आणि एक वैद्य घ्यावा. पान-फूल दाबून सुकवलेला नमुना, स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, कोणता भाग, कोणत्या महिन्यात, कशासाठी, किती, आणि कोणाला देऊ नये, एवढे रकाने पुरेत. शेवटच्या रकान्यात सांगणाऱ्या बाईचे नाव तिच्या संमतीने, तिच्यासमोर लिहावे. पावसाळा सरून भाद्रपद-आश्विनात रान फुललेले असते. या कामाला तेच दिवस बरे.